विज्ञान-जिज्ञासा : दोन पावलांमधील विभवांतर

जालना जिल्ह्यात वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस हे दोन्ही विजा घेऊन येतात. पहिल्याच्या वेळी शेतकरी पेरणीच्या तयारीत असतो. दुसऱ्याच्या वेळी सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते. म्हणजे दोन्ही वेळा माणसे आणि बैल उघड्या रानात असतात. वीज पडून कोणी दगावल्याची वार्ता या दिवसांत कधी भोकरदनकडून, कधी परतूरकडून, तर कधी घनसावंगीकडून कानी येते. झाडाखाली बांधलेली बैलजोडी जागच्या जागी गतप्राण झाली आणि दहा पावलांवरचा माणूस मात्र वाचला, अशीही वार्ता असते. असे का घडले, याचे उत्तर गावात बहुधा 'दैव' या एका शब्दात दिले जाते.

त्याच जिल्ह्यातील विज्ञान शाखेचा विद्यार्थी अकरावीच्या पदार्थविज्ञानातील दहाव्या आणि बारावीच्या आठव्या प्रकरणात स्थिर विद्युत शिकतो. सूत्रे पाठ होतात, उदाहरणे सुटतात, गुणही मिळतात. तथापि 'विद्युत क्षेत्र' आणि 'विद्युत विभव' यांत नेमका भेद कोणता, असे विचारले की बहुतेकांची वाणी अडखळते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलासमोर अकरावीला सारे पुस्तकच इंग्रजीतून येते. तेथे शब्दाचा अर्थ लावण्यातच वेळ जातो आणि कल्पना मागे राहते. बैलजोडीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र याच दोन कल्पनांमध्ये आहे. म्हणून विद्यार्थ्यांकडून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे. शेवटचा प्रश्न परीक्षेत क्वचितच येतो. आधीचे सर्व प्रश्न त्याचीच पूर्वतयारी होत.

क्षेत्र आणि विभव अशा दोन राशी कशासाठी?

एखाद्या बिंदूवर एक कूलोम धन प्रभार ठेवला असता त्यावर जे बल लागते, ते त्या बिंदूवरील विद्युत क्षेत्र. बलाला दिशा असते, म्हणून क्षेत्र ही सदिश राशी. तोच एक कूलोम प्रभार ठरलेल्या संदर्भस्थानापासून त्या बिंदूपर्यंत सावकाश आणण्यासाठी जे कार्य करावे लागते, ते त्या बिंदूचे विभव. कार्याला दिशा नसते, म्हणून विभव ही अदिश राशी.

व्याख्या पाठ असूनही अर्थ हाती येत नसेल, तर जिल्ह्यातील नद्यांकडे पाहावे. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. पाण्याला वाट दाखवणारा कोणी नसतो. जमिनीचा उतारच ते काम करतो. जमिनीची उंची म्हणजे विभव आणि तिचा उतार म्हणजे क्षेत्र. पठार कितीही उंच असले, तरी ते सपाट असेल तर त्यावरचे पाणी जागचे हलत नाही. उलट शेताचा बांध हातभरच उंच असतो, पण त्याच्या तीव्र उतारावरून वाहणारे पाणी माती घेऊन जाते. जे काही घडते ते उताराने घडते. केवळ उंचीने काही घडत नाही. एवढे एक वाक्य मनात ठसले, तर प्रकरणातील निम्मे कोडे सुटले असे समजावे.

क्षेत्राचे एकक 'न्यूटन प्रति कूलोम' असे सांगतात आणि 'व्होल्ट प्रति मीटर' असेही सांगतात, याचे कारणही येथेच आहे. एका मीटरमागे विभव किती व्होल्टने उतरले, हाच तो उतार. सूत्रातील ऋण चिन्ह एवढेच सांगते की, विभव ज्या दिशेने कमी होते तीच क्षेत्राची दिशा.

ऋण प्रभार मात्र चढाच्या दिशेने ओढला जातो, हे ऐकून विद्यार्थी गोंधळतो. पाणी खाली जाते आणि त्याच पाण्यातील हवेचा बुडबुडा वर येतो; दोहोंमध्ये एकूण ऊर्जा कमीच होते. ऋण प्रभाराला त्या बुडबुड्यासारखे मानावे.

शून्य विभव असते तरी कोठे?

जालना रेल्वे स्थानकाच्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जालन्यात समुद्र नाही, तरी उंची मोजण्यासाठी समुद्राचा आधार घेतला आहे, कारण कोठून तरी मोजणे भाग असते. हीच उंची कोणी कुंडलिकेच्या पात्रापासून मोजली, तर आकडा बदलेल. पण स्थानक आणि नदी यांमधील उतार बदलणार नाही.

विभवाचेही तसेच आहे. एकाकी प्रभाराचा विचार करताना पुस्तक अनंत अंतरावर शून्य मानते. वीजतंत्री मात्र जमिनीला शून्य मानतो. दोन्ही आपापल्या ठिकाणी योग्य आहेत. 'या बिंदूचे विभव इतके' हे विधान 'कोणाच्या अपेक्षेने' हे सांगितल्यावाचून अपुरे राहते. घरातील २३० व्होल्ट हेही दोन तारांमधील अंतर आहे. एका तारेचा तो स्वतंत्र गुण नव्हे.

क्षेत्र शून्य असेल तेथे विभवही शून्य असते का?

परीक्षेत सर्वाधिक चुका होतात त्या येथे. एक-एक मायक्रोकूलोमचे दोन धन प्रभार परस्परांपासून दोन मीटर अंतरावर ठेवले आहेत, अशी कल्पना करावी. बरोबर मध्यावर प्रत्येकाचे क्षेत्र सारखे, पण दिशा परस्परविरुद्ध. म्हणून एकूण क्षेत्र शून्य. विभवाला दिशा नसल्याने ते मात्र मिळवले जाते : ९,००० अधिक ९,००० म्हणजे १८,००० व्होल्ट.

आता त्यांपैकी एक प्रभार ऋण करावा. विभव ९,००० उणे ९,००० म्हणजे शून्य होते. परंतु दोन्ही क्षेत्रे आता एकाच दिशेची झाल्याने एकूण क्षेत्र १८,००० व्होल्ट प्रति मीटर भरते. पहिला बिंदू दोन डोंगरांमधील खिंडीसारखा आहे : उंच, पण क्षणभर सपाट. दुसरा बिंदू समुद्रपातळीवर असलेल्या कड्याच्या मधल्या भागासारखा आहे : उंची शून्य, पण उतार तीव्र. उंची आणि उतार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

हवेत मीटरमागे शंभर व्होल्ट असतात, मग झटका का बसत नाही?

निरभ्र दिवशीही जमिनीलगतच्या हवेत मीटरमागे सुमारे १०० व्होल्ट इतके क्षेत्र असते, हे वाचून चौकस विद्यार्थी विचारतो : माणसाची उंची १.७ मीटर, म्हणजे डोके आणि पाय यांत १७० व्होल्ट. मग मैदानात उभ्या असलेल्या माणसाला काहीच का जाणवत नाही?

उत्तर असे की, हवेच्या तुलनेत मानवी शरीर हे वाहक आहे. मनुष्य उभा राहताच शरीराच्या पृष्ठभागावरील प्रभार तत्काळ आपली मांडणी बदलतो आणि डोक्यापासून पायापर्यंत विभव सारखेच होते. शिवाय हवा इतकी दुर्वाहक आहे की, एका अँपिअरचे लक्ष कोटी भाग केले, तर त्यांतील दोन-तीन भागांएवढाच प्रवाह एका चौरस मीटरमधून वाहतो.

मात्र माणसाच्या उभे राहण्याने एक बदल होतो. सपाट जमिनीवर एकावर एक चादरी अंथराव्यात तशी समविभव पृष्ठे असतात. ती आता डोक्यावरून फुगून जातात आणि तेथे परस्परांच्या जवळ येतात. पृष्ठे जवळ आली म्हणजे उतार तीव्र झाला. निरभ्र दिवशी याने काही बिघडत नाही. गडगडाटी ढगाखाली मात्र जमिनीवरील क्षेत्र मीटरमागे १०,००० व्होल्टपर्यंत आणि त्याहूनही वर जाऊ शकते. तेव्हा सपाट रानात एकटाच उभा असलेला कडुनिंब, विजेचा खांब किंवा माणूस हे या तीव्र उताराचे शिखर ठरतात. अंगावरील केस ताठ उभे राहिले, तर ती शेवटची सूचना समजावी.

तारेवर बसलेला पक्षी का मरत नाही?

जालन्याच्या लोखंड उद्योगाला विजेची मोठी गरज असल्याने उच्चदाबाच्या वाहिन्या येथील मुलांच्या परिचयाच्या आहेत. तारेवर बसताच पक्ष्याचे सर्व शरीर तारेच्याच विभवाला येते. त्याच्या दोन पायांमध्ये तारेचा काही सेंटीमीटरचाच तुकडा असतो. तेवढ्यातील विभवांतर काही मिलिव्होल्ट भरते. उंची हजारो व्होल्टची, पण दोन पायांमधील उतार जवळजवळ शून्य. पंख मोठे असलेला मोर मात्र एकाच वेळी दोन तारांना, किंवा तार आणि लोखंडी खांब यांना टेकला, तर तोच तत्क्षणी प्राण गमावतो.

कृत्रिम धाग्याच्या कपड्यातील ठिणगी हजारो व्होल्टची असते, मग ती निरुपद्रवी कशी?

हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज होतो. त्या वेळी शरीराचे विभव ५,००० व्होल्टपर्यंत सहज जाऊ शकते. पण शरीरावर साठलेला प्रभार अर्ध्या मायक्रोकूलोमच्या आसपास आणि ऊर्जा ज्यूलच्या एक सहस्रांशाच्या आसपास असते. उंच कड्यावरून पडणारा पाण्याचा एक थेंब काही वाहून नेत नाही. पूर मात्र गाव नेतो. आकाशातील विजेत काही कूलोम प्रभार एका क्षणार्धात जमिनीत उतरतो आणि प्रवाह सुमारे ३०,००० अँपिअरपर्यंत सामान्यतः जातो. विभवांतर आणि त्यामागे असलेला प्रभार, या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

मोटारीत बसलेला मनुष्य सुरक्षित का असतो?

वाहकाच्या आतील पोकळीत बाहेरच्या प्रभारामुळे क्षेत्र निर्माण होत नाही. प्रभार बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो. मायकेल फॅरेडे याने १८३६ मध्ये सुमारे बारा फूट उंच-रुंद असा धातूच्या आवरणाचा पिंजरा उभारला, तो बाहेरून प्रभारित केला आणि आत जाऊन मापन केले. ठिणग्या बाहेर उडत होत्या, आत उपकरणाला काहीच जाणवत नव्हते. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता, बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला होता; क्षेत्राची कल्पना प्रथम त्यानेच रेषा काढून मांडली.

बंद मोटार किंवा एस. टी. बस सुरक्षित ठरते ती या पिंजऱ्यामुळे. रबरी टायरमुळे नव्हे. ढगापासून जमिनीपर्यंत आलेल्या विजेला टायरची काही इंची जाडी अडवू शकत नाही. म्हणूनच टायर असूनही दुचाकी आणि उघडा ट्रॅक्टर धोक्याचेच. चार खांबांवर पत्रा टाकलेला गोठाही पिंजरा नव्हे, कारण त्याला बाजू नाहीत.

वीज झाडावर पडली, मग दहा मीटर दूरचा बैल का मेला?

झाडाच्या बुंध्यातून जमिनीत उतरलेला प्रवाह सर्व बाजूंनी पसरतो. बुंध्याजवळ विभव प्रचंड असते आणि दूर जावे तसे ते उतरत जाते. जमिनीवर समविभव रेषा काढल्या, तर बुंध्याभोवती एकात एक अशी वर्तुळे दिसतील. जवळची दाट, दूरची विरळ. हा क्षणभरासाठी उभा राहिलेला अदृश्य डोंगरच होय.

त्याची उंची बारावीचा विद्यार्थी स्वतः काढू शकतो. प्रवाहाला जमिनीच्या रोधकतेने गुणावे आणि अंतराच्या सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांश पटीने भागावे. प्रवाह ३०,००० अँपिअर आणि जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर १० मीटर अंतरावर विभव सुमारे ४७,७०० व्होल्ट येते. माणसाचा एक पाय तेथे आणि दुसरा त्याच्यामागे अर्ध्या मीटरवर असेल, तर दोन पायांमध्ये सुमारे २,३०० व्होल्टचे विभवांतर पडते. पाय जुळवलेले असून अंतर दहा सेंटीमीटरच असेल, तर ते सुमारे ४७० व्होल्टवर येते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर अंतरावर असतात. त्याच्या वाट्याला सुमारे ६,२०० व्होल्ट येतात. शिवाय माणसाच्या बाबतीत हा प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून उतरतो, तर बैलाच्या बाबतीत पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत, म्हणजे हृदयाच्या वाटेनेच जातो. जो मुका जीव दाव्याने झाडालाच बांधलेला असतो, त्याला दूर जाण्याचीही मुभा नसते. त्याचा मृत्यू दैवाने ओढवत नाही. दावे कोठे बांधले आणि पायांत अंतर किती, यावर तो ठरतो.

तोच माणूस ३० मीटर दूर असता, तर अर्ध्या मीटरच्या पावलात त्याला सुमारे २६० व्होल्टच लाभले असते. हे आकडे गृहीत धरलेल्या प्रवाहाचे आहेत. प्रत्यक्षात ते कमी-अधिक होतील, पण त्यांचे परस्परांशी प्रमाण हेच राहील. अंतर तिप्पट केले की धोका सुमारे नवव्या हिश्श्यावर येतो.

या गणितातून निघणारे नियम

ढग गडगडू लागताच पक्क्या इमारतीत किंवा बंद वाहनात जावे. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत पडली आहे, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. जनावरे झाडाला, तारेच्या कुंपणाला किंवा विजेच्या खांबाला बांधू नयेत. आभाळ भरून येताच ती सोडून घ्यावीत. मोसंबीच्या बागेत किंवा शेतात आश्रय मिळणे अशक्यच झाले, तर झाडापासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये, कारण आडवा पडलेला माणूस बैलाइतकेच अंतर जमिनीवर व्यापतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल अॅप परिसरातील विजांची सूचना देते. ते घरातील एका तरी फोनवर असावे.

चातुर्मासाच्या स्थानी पोहोचण्यासाठी साधू-साध्वींचा विहार याच दिवसांत चालू असतो. त्यांना वाहनाचा आश्रय घेता येत नाही. म्हणून सोबत चालणाऱ्या तरुणांनी मार्गावरील शाळा, स्थानक आणि पक्की घरे आधीच पाहून ठेवावीत आणि पहिल्या गडगडाटालाच थांबण्याची विनंती करावी.

वीज अंगावर पडलेल्या व्यक्तीच्या शरीरात वीज शिल्लक राहते, हा समज निराधार आहे. प्रभार क्षणार्धात जमिनीत गेलेला असतो. अशा व्यक्तीला लगेच स्पर्श करावा, श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देऊन हृदयाला चालना द्यावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. येथे गेलेला एक-एक मिनिट प्राणाचे मोल घेतो.

तुटून पडलेल्या तारेची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे विभव टिकून असते आणि ओल्या जमिनीवर तीच वर्तुळे सतत उभी असतात. प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारेला चिकटलेल्या व्यक्तीला हात लावू नये, जवळही धावत जाऊ नये. दहा मीटर दूर राहून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. आपण स्वतःच त्या वर्तुळांत सापडलो, तर मोठी ढांग न टाकता पाय जुळवून, जमिनीवरून घासत सावकाश बाहेर पडावे.

विद्यार्थ्यांसाठी कृती : अंगणात एक खुंटी रोवून तिच्याभोवती १, २, ३, ४ आणि ५ मीटर त्रिज्येची वर्तुळे रांगोळीने काढावीत. वरील रीतीने प्रत्येक वर्तुळाचे विभव काढून त्यावर लिहावे. मग घरातील वडीलधाऱ्यांना त्या वर्तुळांवर एकदा ढांग टाकून आणि एकदा पाय जुळवून उभे राहण्यास सांगावे व दोन्ही वेळचे विभवांतर त्यांना वाचून दाखवावे. खुंटीकडे तोंड न करता, दोन्ही पाय एकाच वर्तुळावर ठेवले असता विभवांतर किती येते आणि प्रत्यक्षात त्यावर विसंबून का राहता येत नाही, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे.

पुढील अंकी : धारित्राविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न.